स्टिअरिंगवरची झोप

मला पहिला संशय डॉक्टरांचा आला.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात त्यांनी माझं ब्लडप्रेशर बघितलं, तोंड उघडायला लावून घशात बॅटरी मारली आणि मग ड्रॉवरमधून शिंप्याकडे असते तसली टेप काढून माझ्या गळ्याभोवती गुंडाळली. मान मोजणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच बघत होतो. तरुणपणी मी तालमीत घाम गाळलाय. आमच्यात जाड मान ही कमाई समजतात. वस्ताद येता-जाता पोरांच्या मानेवर थाप मारून बघायचे. त्यामुळे टेप सोडवताना डॉक्टर आता काहीतरी कौतुकाचं बोलतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "ही मान तुम्हाला त्रास देतेय, पाटील."

टेबलाच्या काचेखाली एका यंत्राचं चित्र होतं. नाकावर मास्क लावलेला एक गोरा माणूस हसत झोपला होता. मी मनात म्हटलं, आलं लक्षात. हे आपल्याला काहीतरी विकणार.

माझ्या आजाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. जाड मानेच्या माणसांना तो जास्त होतो. झोपेत घशातली वाट मिटते, श्वास थांबतो, शरीर धडपडून अर्धवट जागं होतं, परत झोपतं, परत श्वास थांबतो. रात्रभर हेच चालतं आणि सकाळी यातलं काहीच आठवत नाही. माणसाला वाटतं, आपण छान झोपलो. मग ती राहिलेली झोप दुपारी रस्त्यावर गाठते. म्हणून हे लिहितोय. घोरणाऱ्या माणसांसाठी, आणि त्याहून जास्त त्यांच्या शेजारी झोपणाऱ्यांसाठी.

कुत्रं आडवं आलं

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी वाहतूक बघत होतो. कामगारांची ने-आण करणाऱ्या बसगाड्या, त्यांचे ड्रायव्हर, त्यांच्या वेळा. अपघात होऊ न देणं हेच माझं काम.

एका दुपारी कागलमधला साखरपुडा उरकून मी आणि माझी बायको सुनीता कारनं कोल्हापूरला परत येत होतो. पोटभर जेवण झालेलं. हायवेचं काम चालू असल्यानं एका ठिकाणी वाहतूक कडेच्या रस्त्यावर वळवली होती. तो वळवल्याचा फलक मला दिसला, एवढं आठवतं. त्यानंतर आठवतं ते थेट सुनीताचं ओरडणं. तिनं स्टिअरिंगला हात घातला होता आणि गाडी मुरमाच्या ढिगावर चढून बंद पडली होती. ढिगाच्या पलीकडे कामावरच्या बायका जेवायला बसल्या होत्या. हातातला घास हातातच धरून त्या माझ्याकडे बघत होत्या.

माझ्या तोंडून पहिलं वाक्य आलं, "कुत्रं आडवं आलं."

कुणी काही विचारलंही नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये सुनीताच्या मनगटाला प्लॅस्टर घालताना हाडाच्या डॉक्टरांनी विचारलं, तेव्हाही मी कुत्रंच सांगितलं. त्याचा रंगसुद्धा सांगितला.

"कुत्रं बित्रं काय न्हवतं ओ," सुनीता म्हणाली. "ह्ये झोपलेते."

"मी जागा होतो," मी म्हटलं.

"डोळं उघडं होतं. आत कोण न्हवतं."

डॉक्टरांचा हात थांबला. "वहिनी, हे घोरतात का?"

"घोरत्यात? वरच्या मजल्यावरचं भाडेकरू पळालं की!"

नर्स हसली. डॉक्टर हसले नाहीत. "आणि घोरता घोरता मध्येच एकदम गप्प होतात?"

सुनीतानं प्लॅस्टरकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "व्हय. तवा मी हलवते. लई वर्सं झाली."

मला हे पहिल्यांदाच कळत होतं. खरं सांगतो, त्या घटकेला मला तिची दया आली नाही, राग आला. वाटलं, ही आणि हा डॉक्टर आधीच काहीतरी बोलून बसलेत. नाहीतर त्याला कसं कळलं मी मध्येच गप्प होतो ते? मनगट तिचं मोडलं होतं, माझ्यामुळे मोडलं होतं, आणि मी तिच्यावर पाळत ठेवल्यासारखा बघत होतो.

पैलवानाची झोप

आमच्या घरात घोरणं हा आजार नव्हता. तालमीत जोर-बैठका झाल्या, खुराक झाला की जो पडल्या पडल्या घोरायला लागेल त्याच्या अंगाला तालीम लागली, असं धरायचे. वस्ताद नव्या पोरांना माझ्याकडे बोट करून दाखवायचे, "झोप बघा ह्येची. निम्मी कुस्ती हितंच जिंकलाय." पुढं कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही. मान होती तशीच राहिली आणि तिच्याखाली पोट वाढलं. लग्नाच्या मांडवात, मीटिंगमध्ये, न्हाव्याच्या खुर्चीत मी झोपायचो आणि लोक म्हणायचे, गडी निर्धास्त हाय. मला ते आवडायचं.

सुनीता नवी नवरी असताना माझ्या आईनं तिला बजावलं होतं, "पैलवान गडी हाय, घोरणारच. हलवू नगंस, झोप मोडती." सुनीतानं सासूचं एवढं एकच ऐकलं नाही. पण ती कुणाजवळ बोललीही नाही. नवऱ्याच्या झोपेला नाव ठेवणं म्हणजे त्याच्या तब्येतीला आपणच दृष्ट लावणं, असं तिला वाटायचं. मी सकाळी डोकं धरून उठायचो, चिडचिड करायचो, आणि ती माझ्याआधी उठलेली असायची. ती उठलेली नसायची, झोपलेलीच नसायची, हे मला आत्ता कळतंय.

वायरी

हाडाच्या डॉक्टरांनी मला राजारामपुरीतल्या त्या मान मोजणाऱ्या डॉक्टरांकडे धाडलं आणि त्यांनी झोपेची तपासणी सांगितली. तपासणीसाठी एक रात्र हॉस्पिटलात काढावी लागते. डोक्याला, छातीला, पायाला वायरी चिकटवतात, बोटाला चिमटा लावतात आणि म्हणतात, आता झोपा. कोपऱ्यात कॅमेरा. दिवसभर ड्रायव्हरांवर लावलेले कॅमेरे बघणारा मी, त्या रात्री स्वतः कॅमेऱ्याखाली पडलो होतो. हे आपलं काहीतरी टिपतायत आणि उद्या कारखान्यात कळवणार, असं सारखं मनात येत होतं.

सकाळी वायरी काढायला आलेल्या टेक्निशियनला मी म्हटलं, "तुमची तपासणी वाया गेली. मी झोपलोच नाही."

"झोपलासा की काका," तो म्हणाला. "श्वास सारखा थांबत हुता. मला तर वाटलं, काका गेलं का काय. दोनदा आत येऊन बघून गेलो."

माझा विश्वास बसला नाही. सगळ्यांना हे एकच उत्तर देत असतील, असं वाटलं. घरी न सांगता मी शहराच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. पहिल्यांचं नाव सांगितलं नाही, तपासणीचं सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, दुपारी झोप येते. त्यांनी ऐकून घेतलं आणि ड्रॉवरमधून टेप काढली.

तिथून बाहेर पडून पायरीवर बराच वेळ बसलो. दोन डॉक्टर एकमेकांना मिळालेले असू शकतात. पण मुरमाच्या ढिगापलीकडच्या त्या बायका कुणाला मिळालेल्या नव्हत्या. आजवर मी सगळ्यांवर संशय घेतला होता, फक्त स्वतःवर सोडून. मी जागा होतो, असं मी शपथेवर सांगितलं असतं. कारखान्यात एकदा रस्तासुरक्षेवर बोलायला आलेल्या एका संशोधक बाईंनी ड्रायव्हरांना हेच सांगितलं होतं, की झोप कधी लागेल याचा अंदाज माणसाला स्वतःचा स्वतःला येत नाही. काच खाली करणं, मोठ्यानं गाणी लावणं, तंबाखू लावणं, यानं फार वेळ काही निभत नाही. कार्यक्रम मीच ठेवला होता. पहिल्या रांगेत बसून त्यांचं भाषण मीच झोपून घालवलं. ही वाक्यं मला नंतर ड्रायव्हरांनी हसत हसत सांगितली.

मास्क

यंत्र घरी आलं. नाकावर मास्क, त्याला लांब नळी, नळीतून सतत हवा. ती हवा घशातली वाट उघडी ठेवते. पहिल्यांदा लावला तेव्हा सुनीता प्लॅस्टरचा हात तोंडावर धरून हसली. "गणपतीगत दिसायलायसा." मला मात्र कुणीतरी उशी दाबून धरल्यासारखं झालं. मास्क ओढून फेकला. परत लावला. पट्टे आवळले तर नाकावर वळ उठायचे, सैल सोडले तर हवा डोळ्यांत जायची. आपलं फुफ्फुस आता या डब्याच्या ताब्यात, वीज गेली तर? असले विचार. जे कुणी हे नव्यानं सुरू करतील त्यांना एवढंच सांगतो, की सुरुवातीला सगळ्यांचं असंच होतं आणि मास्कचं माप बदलून मागायला लाजू नका. मी लाजलो, म्हणून विनाकारण हाल सोसले.

मग एका सकाळी मी उठलो आणि डोकं दुखत नव्हतं. खिडकीतून चांगलं ऊन आलं होतं. सुनीता शेजारी झोपलेली. ती कधीच एवढ्या उशिरापर्यंत झोपत नाही, म्हणून घाबरून मी तिच्या कपाळाला हात लावला.

"ताप न्हाय मला," ती डोळे न उघडता म्हणाली. "झोपू द्या की जरा."

मी स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला आणि ओट्याला धरून रडलो.

दस्तगीर

इथवर मी बरा होत आलो होतो. पण डोकं ताळ्यावर आल्यावर एक माणूस आठवायला लागला आणि तो जाईना.

आमच्या बसगाड्यांत ड्रायव्हरच्या समोर छोटा कॅमेरा आहे. डोळे मिटायला लागले की तो शिटी मारतो आणि त्याची नोंद माझ्या टेबलावर यायची. असली यंत्रणा मोठ्या गाड्यांना सक्तीची करण्याची हल्ली चर्चा आहे आणि ती यावी असं माझंही मत आहे. पण शिटी कशामुळे वाजली, हे कॅमेरा सांगत नाही. ते ठरवणारा मी होतो. दस्तगीर हा आमचा जुना ड्रायव्हर. माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच आडवा. त्याच्या गाडीत शिटी वारंवार वाजायला लागली. मी एका सकाळी त्याला गेटवर, बसमधून उतरणाऱ्या बायका-माणसांसमोर उभं केलं आणि दारू तपासायच्या यंत्रात फुंकायला लावलं. आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस. यंत्रात काही आलं नाही. मी तेवढ्यावर थांबलो नाही; पुढं होऊन त्याचं तोंड हुंगलं. तरी काही नाही. मग मी शेरा मारला, 'कामात दुर्लक्ष', आणि त्याला गाडीवरून उतरवलं.

त्याला जे झालं होतं, त्याचं यंत्र आता माझ्या बेडरूममध्ये नळी लावून ठेवलेलं होतं.

नोकरी सोडून गेल्यावर तो आता कुठं असतो, हे मी दुसऱ्या ड्रायव्हरांना विचारलं. "दस्तगीर व्हय? दुधाचा टँकर मारतोय की. पुण्याला. रात्रपाळी."

ते ऐकल्यापासून मला चैन पडेना. आमच्या बसमध्ये निदान शिटी होती. मी त्याला शिटी नसलेल्या गाडीत, अंधाऱ्या हायवेवर नेऊन बसवलं होतं.

पन्हाळ्याच्या पायथ्याला त्याचं गाव. मी एसटीनं गेलो. दस्तगीर कट्ट्यावर बसला होता. मला बघून उठला नाही.

"या साहेब. आता काय हुंगायला आलाय?"

मी कट्ट्याच्या कडेला टेकलो आणि सगळं सांगितलं. अपघात, कुत्रं, वायरी, मास्क. त्यानं तोंडावरची माशी हाकलावी तसं ऐकलं.

"बरं मग?"

"तुझी तपासणी करू. मला वाटतं तुलाही तेच आहे. इलाज आहे त्याला. नीट मास्क लावला की डॉक्टर परत गाडी चालवू देतात."

"आणि टँकरचा मालक देतो व्हय? साहेब, आजार निघाला की मालक म्हणणार, उतर खाली. एकदा दुर्लक्ष म्हणून उतरवलासा, आता आजारी म्हणून उतरवणार. नवीनच डाव दिसतोय हा."

दारात त्याची बायको हसीना चहा घेऊन उभी होती. "सांगू काय साहेब," ती म्हणाली, "ह्यांचा बी श्वास थांबतो. दिवसा झोपत्यात तवा मी हितं बसून बघत असते. जुबेदाला बी बसवते कवा कवा." जुबेदा त्यांची मुलगी.

"तू गप!" दस्तगीर ओरडला.

"का गप? टँकरात कोण बसतंय तुमच्या शेजारी बघायला?"

चहावर साय धरली. मग दस्तगीरनं माझ्याकडे नीट बघितलं, गेटवर मी त्याच्याकडे बघायचो तसं.

"तुमच्या आजाराचं कंपनीत सांगितलंय?"

मी चहाचा कप हातात घेतला.

"न्हाय न्हवं? वाटलंच मला. तुम्ही सांगा आदी. मग मी येतो."

केबिनमध्ये

त्याचं म्हणणं बिनतोड होतं. परतताना एसटीत मी त्यातून सुटायच्या वाटाच शोधत होतो. मी काही बस चालवत नाही, मग मी कशाला सांगायचं? उपचार चालूच आहेत. नोकरीची थोडकी वर्षं राहिलीत. प्रत्येक कारण बरोबर होतं आणि प्रत्येक कारण दस्तगीरकडेही होतंच. दरम्यान तो रोज रात्री टँकर घेऊन निघत होता. माझ्या प्रत्येक दिवसाच्या उशिराला त्याची एक फेरी होत होती.

मी मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेलो आणि सांगितलं. मला काय झालंय, आणि दस्तगीरच्या बाबतीत मी काय केलं तेही. त्यांनी दार लावून घेतलं.

"हे आणखी कुणाला बोललात?"

"अजून नाही."

"बोलू नका. ड्रायव्हरांना कळलं तर उद्या सगळेच झोपेचे पेशंट होतील. काम नको असलं की हेच."

"साहेब, आज ते सगळे झोपेचे पेशंट असतील तरी आपल्याला कळणार नाही. सांगितलं तर काम जातं, म्हणून कोणी सांगत नाही. आपल्या अपघाताच्या नोंदी बघा. ताबा सुटला, जनावर आडवं आलं, ब्रेक लागला नाही. झोप लागली, असं एकानंही सांगितलेलं नाही. मीही नाही सांगितलं. जो आपणहून येईल त्याला बरं होईपर्यंत दुसरं काम द्या. दस्तगीरला परत घ्या."

ते पेन फिरवत राहिले. ते मला मनात कामचुकार ठरवतायत, असं वाटलं. कदाचित ठरवतही असतील. शेवटी म्हणाले, दस्तगीरची तपासणी होऊ दे, त्याला तोवर यार्डात काम देऊन बघू. लेखी काही नाही. "आणि पाटील, वाहतूक आता तुमच्याकडे ठेवता येणार नाही. समजून घ्या. उद्यापासून स्टोअरला बसा."

मी समजून घेतलं. घरी येऊन सुनीताला सांगितलं, तर ती म्हणाली, "स्टोअरला खुर्ची हाय न्हवं? मग झालं की." पण जेवताना तिनं दोनदा मीठ वाढलं.

बातमी गेटपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ज्यांना मी वर्षानुवर्षं हुंगलं होतं ते ड्रायव्हर स्टोअरच्या खिडकीशी यायला लागले. आजूबाजूला कुणी नाही बघून विचारायचे. "साहेब, माझ्या मेव्हण्याचं विचारायचं हुतं. लई घोरतोय." दुसरा आला, त्याच्याही मेव्हण्याचंच. तिसऱ्याला मी म्हटलं, "मेव्हण्याला घेऊन ये. नाव नाही लिहीत मी." तो म्हणाला, "मेव्हणा भितोय ओ."

दस्तगीरला निरोप धाडला होता. तो आला तो घरीच, शहर बसनं, हातात कपड्यांची पिशवी घेऊन. दारातच थांबला.

"काढलं म्हणं तुम्हाला?"

"काढलं नाही. स्टोअरला टाकलं."

"वाहतूक गेली?"

"गेली."

त्यानं मान हलवली. "मग खरंच सांगितलंय तुम्ही."

त्याची खात्री पटायला माझी वाहतूक जावी लागली. मला बरं वाटलं असं म्हणवत नाही. पण पिशवी त्यानं खाली ठेवली. टँकरच्या मालकाला त्यानं अजून काही सांगितलेलं नव्हतं, फक्त आजारी आहे म्हणून खाडा केला होता. यार्डातल्या कामाचं लेखी नाही, हे मी त्याला लपवलं नाही. तो म्हणाला, "ठावं हाय. हसीना म्हणली, जावा. तिला झोप पायजे आता."

संध्याकाळी हॉस्पिटलात दाखल व्हायचं होतं. मी सवयीनं कारची किल्ली उचलली. डॉक्टरांनी मला आता गाडी चालवायला हरकत नाही असं सांगितलं होतं, पण दस्तगीरनं माझ्या हाताकडे बघितलं.

"तुमच्या गाडीत मी बसणार न्हाय. आणि माझ्या गाडीत तुम्ही बसू नका. रिक्षा करा."

रिक्षा केली. आम्ही दोघं मागं, मध्ये त्याची पिशवी. राजारामपुरीची गर्दी, क्लासमधून सुटलेल्या पोरांच्या दुचाक्या, सिग्नल. कोपऱ्यावर वळताना रिक्षावाल्यानं आरशात दिसेल एवढी मोठी जांभई दिली.

आम्ही दोघांनी एकदमच पुढं वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय झालं ओ पावणं?" तो दचकून म्हणाला.

"बाजूला घे जरा," दस्तगीर म्हणाला. "घरात कोण म्हणतंय का तुला, घोरतोस म्हणून?"